परदेशात पाठीशी उभ्या राहिलेल्यांचे आभार

परदेशात शिकायला आलेल्यांना स्वतःच्या पायावर उभं करणाऱ्या सर्व अनाम मदतगारांचे मनापासून आभार. खोलीचा ताबा घेताना भिंती, गादी, नळ यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करायचे, विजेच्या मीटरचा आकडा टिपून ठेवायचा, हे तुम्ही शिकवलंत. नाहीतर आधीच्या भाडेकरूने पाडलेल्या डागांचे पैसे नव्याच्या अनामत रकमेतून कापले जाऊ शकतात. बँक खात्याला पत्त्याचा पुरावा हवा आणि भाडेकराराला बँक खातं, या पेचात विद्यापीठाकडून पत्र घ्यायचं, हेही तुम्हीच सुचवलंत. सगळ्यांत मोलाचं म्हणजे फॉर्म तुम्ही भरून दिले नाहीत. शेजारी बसलात, पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहू दिलंत आणि सहीआधी प्रत्येक कलम वाचायला लावलंत.