थांबू नकोस, घेऊन टाक

जळगाव

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

पूर्वाला अकरावीला कॉम्प्युटर सायन्स मिळालं हे वाचून घरात सगळेच खूश झाले. लॅपटॉप आत्ता घ्यावा की भाव उतरेपर्यंत वर्षभर थांबावं, असं तू विचारलंस. थांबू नकोस. का, ते जरा सविस्तर लिहितो.

१९९९ साली आप्पांनी आमच्याकडे पहिला असेंबल्ड पीसी आणला, आठवतो ना? ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर, ३२ एमबी रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी), ४ जीबीची हार्ड डिस्क आणि निम्मं टेबल अडवणारा मॉनिटर. बिल चाळीस हजारांच्या पुढे गेलं होतं. सोनं तेव्हा तोळ्याला सव्वाचार हजारांच्या आसपास होतं. आई आल्यागेल्याला बजावायची, "नऊ तोळे सोनं आहे ते टेबलावर, जपून हात लावा." आज तेवढ्या पैशांत आपल्या सराफ बाजारात तोळाभर सोनंही येत नाही, पण ८ जीबी रॅमचा लॅपटॉप येतो. म्हणजे रॅमच आपल्या त्या पीसीच्या २५६ पट! जळगावकराला स्वस्ताई समजवायला यापेक्षा चांगला हिशेब मला तरी सुचत नाही.

आणखी मागे गेलास तर १९८१ चा आयबीएम पीसी. त्याचं सगळ्यात साधं मॉडेल १,५६५ डॉलरला होतं आणि मेमरी होती फक्त १६ केबी. पूर्वाच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता.

हे घडलं कसं? पुढे इंटेल या चिप कंपनीचे सहसंस्थापक झालेल्या गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनी तो वेग दर दोन वर्षांवर आणला. इंटेलच्या १९७१ च्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे बारीक स्विच, होते, आज लॅपटॉपच्या चिपवर ते अब्जांनी असतात. ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तसे सिलिकॉनच्या एकाच चकतीवर कितीतरी जास्त मावू लागले, म्हणून एकेकाची किंमत पडली. आपल्याकडे त्यात सरकारी धोरणाचाही वाटा आहे. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि पुढच्या काही वर्षांत संगणकांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर आलं.

आणि या गोष्टीत आपलं खानदेशही आहे, हे पूर्वाला आवर्जून सांग. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली आणि आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळल्यावर संगणक बनवू लागली. तुपाच्या कारखान्यापासून संगणकापर्यंतची ही वाट आपल्या तालुक्याच्या गावातून निघाली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता तुझा मुद्दा. भाव दरवर्षी उतरतातच असं नाही. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले कारखाने पाण्यात गेले आणि हार्ड डिस्क जगभर महागल्या. शिवाय चिपच्या मेगाहर्ट्झची, म्हणजे वेगाची, घोडदौड २००५ च्या सुमारास मंदावली. उष्णता आवरेना, म्हणून कंपन्या एकाच चिपमध्ये जास्त कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे जास्त प्रोसेसर, घालू लागल्या. त्यामुळे आमच्या वेळी तीन वर्षांत मशीन म्हातारं व्हायचं, तसं आता होत नाही. आज घेतलेला चांगला लॅपटॉप पूर्वाला पदवीपर्यंत पुरेल. रॅम ८ जीबीच्या खाली नको, पुढे वाढवता येते का ते दुकानदाराला विचार, आणि डिस्क एसएसडीच घे, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क.

जिनिंगच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप मात्र भंगारात देऊ नकोस. गेल्या महिन्यात शेजारच्या नानांचा असाच एक उघडला. प्रोसेसरच्या पंख्यावर कापसाच्या तुसाचा इतका जाड थर होता की पाती दिसत नव्हती. ब्रशनं सगळं झाडलं, रॅमची एक पट्टी वाढवली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खट्कन बसल्या. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली. आधी सुरू व्हायला चहा करून प्यावा इतका वेळ घ्यायचा, आता मिनिटाच्या आत तयार! नानांचा नातू त्यावर रोज पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून, एका मशीनवर तिघं दाटीवाटीनं बसून आपण शिकलो. चुकायला वेळच मिळायचा नाही, तोवर पुढची बॅच दारात उभी असायची. पोरांना घरी स्वतःचं मशीन हवं ते यासाठीच. रात्री उशिरापर्यंत चुकता यावं, मोडून पुन्हा लिहिता यावं. ते आज तुझ्या-माझ्या ऐपतीत आलंय, आणि गावाकडच्या लेकरांच्याही आवाक्यात येतंय. मला यात सगळ्यात मोठा आनंद आहे.

दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला येतोच आहे. तुझा डेस्कटॉप तेव्हा उघडू. त्याचा मॉडेल नंबर आधी कळव, म्हणजे त्याला चालेल ती रॅम इथूनच घेऊन येतो. वहिनींना नमस्कार, पूर्वाला आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश