नव्या नायट्रो गाडीला थंड ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत हौसेनं घेतलेली नायट्रोवर (मेथॅनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर) चालणारी रिमोटची गाडी पंधरा दिवसांत माळ्यावर जाते, हे कोल्हापुरात वरचेवर दिसतं. 'माल हलका लागला' म्हणून गाडीला दोष दिला जातो. गाडी बहुधा चांगलीच असते. पहिल्या पाच-सहा टाक्यांतच इंजिनाची पकड, म्हणजे पिस्टनची सिलिंडरमधली घट्ट बसण, गेलेली असते, आणि तीही मालकानं घेतलेल्या काळजीमुळे. हे टाळता येतं, म्हणून हे पत्र.

उद्यमनगरच्या सावलीत वाढलेल्या माणसाला नवं इंजिन म्हटलं की एकच शिकवण आठवते : सावकाश चालवा, तापू देऊ नका. राजदूत, येझदीच्या बिडाच्या बोअरला आणि रिंगच्या पिस्टनला ते लागू होतं. नायट्रोच्या बहुतेक छोट्या इंजिनांत पिस्टनला रिंगच नसते. जास्त सिलिकॉन असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी), अशी ही जोडी. अ‍ॅल्युमिनियम, ब्रास (पितळ) आणि क्रोम, त्यामुळेच या इंजिनाला एबीसी म्हणतात. स्लीव्ह वरच्या टोकाला काही मायक्रॉनांनी निमुळती केलेली असते. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त पसरतं, वरचा टेपर सुटतो आणि पिस्टन तेलाच्या थरावर मोकळा फिरतो. थंड इंजिनात टेपर तसाच राहतो आणि पिस्टनची वरची कड प्रत्येक फेरीला त्यात ठोकली जाते. स्टँडवर ठेवून, भरपूर धूर काढत, थंड इंजिन दोन-दोन टाक्या आयडलवर (थ्रॉटल न देता, मंद) चालवलं की हीच पकड झिजते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं की मग ग्लो प्लग (इंधन पेटवणारा तापत्या तारेचा प्लग) बदलून काही होत नाही.

नवीन इंजिन हातानं फिरवताना पिस्टन वर येऊन अडतो आणि 'कुई' असा आवाज करतो. हा दोष नव्हे, चांगल्या फिटिंगची खूण आहे. तिथं पक्कड लावून फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) पिळू नका. हेडवर चार-पाच मिनिटं हेअर ड्रायर धरा; बोट टेकवत नाही इतकं तापलं की मोकळं होतं. पहिल्यांदा सुरू करतानाही असंच तापवून घ्यावं. तापमान बघायची इन्फ्रारेड गन नसेल तर आधी ती घ्या, जादा चाकं नंतर.

सुरू करण्याआधी थोडी तयारी. एअर फिल्टरचा फोम फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळलेला असावा. आपल्याकडची बारीक लाल माती कोरड्या फोममधून थेट आत जाते आणि क्रोम खरवडते. क्लच बेल आणि स्पर गियरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी फिरवून गियरची फट बघा. पट्टी चुरगळली पाहिजे, फाटता कामा नये. रिसीव्हरचे सेल नवे घाला आणि सिग्नल तुटला तर गाडी ब्रेकवर जाईल असा फेलसेफ लावा. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलट.

इंधनाबाबत सगळ्यात मोठी चूक इथं होते : पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून ओततात. ग्लो प्लगमध्ये ठिणगी नसते. त्याची प्लॅटिनमची तार मेथॅनॉलच्या संपर्कात तापलेली राहते, त्यावरच इंजिन पेटतं. पेट्रोलवर ते चालणार नाहीच, वर सिलिकॉनच्या नळ्या फुगून खराब होतील. नायट्रोमिथेन १६ ते २० टक्के आणि तेल १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं तयार इंधन घ्या, आणि रनिंग-इनला (नव्या इंजिनाच्या पहिल्या टाक्यांना) जे वापराल तेच पुढंही ठेवा. इंधन बदललं की सगळं सेटिंग पुन्हा करावं लागतं.

हाय स्पीड नीडल (जास्त वेगाला इंधन किती जावं ते ठरवणारा स्क्रू) पुस्तिकेत दिलेल्या सेटिंगपेक्षा पाव फेरी जास्त उघडा. एक्झॉस्टच्या तोंडावर बोट धरून इंजिन सुरू करायची दोरी दोन-तीनदा ओढा, इंधन कार्ब्युरेटरपर्यंत आलं की थांबा. दोरी वीतभर, फार तर फूटभर ओढायची, पूर्ण कधीच नाही. ती अचानक अडली तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये इंधन साचलं आहे. प्लग काढा, गाडी उलटी करा आणि पाच-सहा वेळा ओढून इंधन बाहेर काढा. या चुकीपायी कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्लगवर इग्नायटर (प्लगची तार तापवणारं बॅटरीचं साधन) लावून दोरी ओढा. इंजिन सुरू झालं की इग्नायटर काढा आणि गाडी जमिनीवर सोडा. पहिल्या टाकीला अर्ध्या थ्रॉटलपर्यंत हळूहळू वेग द्या, सोडा, पुन्हा द्या. निळसर धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे आणि हेडचं तापमान ९० ते १०० अंश सेल्सिअस. थंडीत किंवा पावसाळी हवेत तेवढं येत नसेल तर नीडल आवळू नका, हेडभोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. मिश्रण ओलं (हवेच्या मानानं इंधन जास्त), पण इंजिन गरम : सगळी मेख यात आहे. टाकी संपत आली की इंधनाची नळी चिमटून बंद करा आणि पिस्टन खाली आणून ठेवा. त्यासाठी फ्लायव्हीलवर आधीच मार्करनं खूण करावी. गरम पिस्टन वरच्या टोकाला ठेवून थंड होऊ दिला तर स्लीव्ह त्याच्यावर आवळत येते. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण निवू द्या, मग दुसरी टाकी. ७५ सीसीच्या अशा सहा टाक्या म्हणजे जेमतेम अर्धा लिटर इंधन. त्यात कंजुषी नको. तिसऱ्या टाकीपासून थ्रॉटल वाढवत न्या आणि नीडल घड्याळाच्या एका तासाएवढीच, म्हणजे फेरीचा बारावा भाग, आवळत जा. शेवटी १०५ ते ११५ अंशांवर, धूर दिसत असताना गाडी जोमानं पळाली की काम झालं.

बिघाडांपैकी निम्मे प्लगचे आणि इग्नायटरचे असतात. प्लग बाहेर काढून इग्नायटरला लावा. तार लालभडक-नारिंगी दिसली नाही तर आधी इग्नायटर चार्ज करा, मग प्लग बदला. इग्नायटर काढताच इंजिन बंद पडत असेल तर मिश्रण फार ओलं आहे किंवा प्लग मेला आहे. थ्रॉटल देताच भसकन धूर सोडून गुदमरलं तर लो स्पीड नीडल (कमी वेगाचं इंधन ठरवणारा स्क्रू) जास्त उघडी आहे. धूर न काढता झटकन बंद पडलं तर ती जास्त आवळली आहे. गरम इंजिन आयडलवर असताना कार्ब्युरेटरजवळ नळी चिमटून बघा : दोन-तीन सेकंदांत किंचित चढून बंद पडलं तर लो स्पीड बरोबर.

थ्रॉटल सोडूनही आवाज चढलेलाच राहतो, दर वेळी आयडल वेगळं लागतं, ही हवा शिरत असल्याची खूण आहे. नीडल फिरवत बसण्यात दिवस जातो. कार्ब्युरेटरच्या बुडाची ओ-रिंग, मागच्या प्लेटचं गॅस्केट आणि टाकीचं झाकण तपासा. टाकी काढून एक नळी बंद करा, दुसरीतून फुंका आणि बादलीत बुडवा. बुडबुडे जागा दाखवतात.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. हवा थोडी विरळ, म्हणून पुस्तिकेचं सेटिंग इथं जरा ओलंच बसतं; नव्या इंजिनाला ते सोयीचं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उघडा राहिलेला डबा घातक, कारण मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज शेवटी टाकी रिकामी करा, नळीत आणि इंजिनात उरलेलं इंधन इंजिन चालवूनच संपवा आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) दोन-तीन थेंब सोडून दोरी ओढा. नाहीतर आमच्याकडच्या पावसात बेअरिंग गंजायला आठवडा पुरतो.

गाडी रंकाळ्याच्या चौपाटीवर किंवा मुलं खेळत असलेल्या मैदानात सोडू नका. ताशी पन्नास किलोमीटरनं येणारा दोन-तीन किलोचा गोळा पाय मोडू शकतो. बंद पार्किंगमध्येही इंजिन सुरू करू नका. मेथॅनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून गरम इंजिनावर इंधन ओतायचं नाही आणि जवळ पाण्याची बादली हवीच. मेथॅनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्यानं ही आग विझते. हे इंधन गुलाबी, निळं, सरबतासारखं दिसतं. ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नये. मुलानं घोटभर जरी घेतलं तरी त्रास दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात आणि तोवर दृष्टी जाण्याची वेळ येते. मूल ठणठणीत दिसलं तरी थांबू नका, लगेच सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि इंधनाचा डबा लेबलसकट सोबत न्या.

आपले,
नायट्रो गाड्यांच्या दुरुस्तीत असलेले काही वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर