दिलगीर

पावस,
आषाढ वद्य तृतीया

प्रिय मित्रा,

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी तुला फोनवर एवढंच लिहिलं, ‘सॉरी रे, गाडी मिळाली नाही.’ गाडी होती. रात्रीची एसटी धरली असती तर सकाळी तुझ्या दारात असतो. पण खळ्यात वाशीच्या बाजारात जायच्या आंब्याच्या पेट्या अर्ध्या भरून पडल्या होत्या, म्हणून राहिलो आणि तुझ्याशी खोटं बोललो.

पावसात बागेचं काम नाही, त्यामुळे तो ‘सॉरी’ फार बोचतोय. तसा तो शब्द मुळात हलका नाही. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणं, जखम. त्यावरून तो आला. गर्दीत धक्का लागला की म्हणायचा शब्द त्याचा आपण केला.

माफी मागावी, तर ती आपण सरकारकडे मागतो, कर्जमाफी, सारामाफी. मागणाऱ्याचा हात पुढे असतो. क्षमेच्या मुळाशी ‘क्षम्’ आहे, सहन करणं. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. म्हणजे चूक माझी आणि सोसायचं तू!

शेवटी दिलगीर या शब्दापाशी थांबलो. फारसी आहे. दिल म्हणजे मन, आणि गीर म्हणजे धरणं, पकडणं. आलमगीरमध्ये आहे तोच. मन कशाच्या तरी मुठीत सापडलेला, तो दिलगीर. सावरकर १९२४ ते १९३७ आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते, इथूनच त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, फारसी शब्द वेचून काढले. तरी हा टिकला, याचं मला फार बरं वाटतं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशा पाट्यांनी तो सुकवलाय खरा, पण आत अजून ओल आहे. त्यात तुझ्याकडे मागणं काही नाही. माझं काय झालंय तेवढंच तो सांगतो.

आठवतं, अण्णांनी आपल्याला आंबा उतरवायला शिकवलं होतं? देठ ठेवून काढा म्हणायचे. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, त्या दिवशी काही दिसत नाही, आढीत पिकला की काळा डाग वर येतो. त्यांनी शिकवलेल्याच हाताने मी त्या दिवशी पेट्या भरत होतो.

मी दिलगीर आहे रे.

नारळी पौर्णिमा झाली की येतो. एसटीबद्दल काकूंना मीच सांगेन, तू आधी बोलू नकोस.

तुझाच