सहा वर्षांनंतरची मुलाखत

जळगाव,
१८ जानेवारी २०२६

प्रिय प्रमोद,

एमआयडीसीतल्या ठिबकवाल्यांनी अकाउंटंटच्या जागेसाठी २८ तारखेला मुलाखतीला बोलावलंय, हे तुझ्या मेसेजमध्ये वाचून बरं वाटलं. त्याच्याखाली तू लिहिलंस, "सहा वर्षं घरीच होतो हे कसं सांगू भो?" या एका वाक्यात दोन चुका आहेत, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

पहिली चूक 'घरीच' मधला 'च'. तो आजपासून काढून टाक. 'घरीच होतो', 'तसं काही करत नव्हतो', 'मध्ये जरा गॅप पडला' ही सगळी वाक्यं माफी मागितल्यासारखी वाटतात, आणि माफी मागणाऱ्या माणसाला समोरचा नकळत कमी पगार सांगतो.

दुसरी चूक म्हणजे, हा प्रश्न मागच्या सहा वर्षांबद्दल आहे असं तू धरून चाललायस. विचारणाऱ्याला त्यातून दोनच गोष्टी काढायच्या असतात: हा पुन्हा सोडून जाईल का, आणि याचा हात अजून चालतो का. पहिलीचं उत्तर अर्ध्या मिनिटाचं आहे. दुसरीला दहा दिवस लागतील. तू काळजी मात्र नेमकी पहिलीचीच करतोयस.

अर्ध्या मिनिटाचं उत्तर असं:

"मार्च २०२० मध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला. त्यांची देखभाल आणि घरची तीन एकर केळी माझ्याकडे आली, म्हणून नोकरी सोडली. या काळात बागेचा हिशोब, पीककर्ज आणि फळपीक विम्याचा क्लेम मीच सांभाळला. आता जमीन ठोक्याने कसायला दिली आहे, वडिलांजवळ धाकटा भाऊ असतो, त्यामुळे मी पूर्णवेळ कामाला मोकळा आहे."

चार वाक्यं. सगळ्यात वजनदार चौथं, आणि नेमकं तेच बहुतेक जण विसरतात. कारण सांगतात, पण ते कारण आता संपलंय हे सांगत नाहीत. मग समोरच्याच्या मनात राहतं की केळी कापायला आली की हा पंधरा दिवस रजेवर.

चौथं वाक्य झालं की थांब. समोर शांतता होईल, कारण ते कागदावर काहीतरी लिहीत असतील. त्या शांततेला घाबरून माणसं पुढे बोलत सुटतात: कुठलं हॉस्पिटल, किती खर्च, भावकीत काय झालं. ऐकणारा अवघडतो आणि मुलाखतीची राहिलेली वीस मिनिटं सहानुभूतीत जातात. सहानुभूतीवर नोकरी मिळत नाही.

"शेतीत नेमकं काय बघायचात?" असं विचारलं तर खोडं किती आणि घड केवढा, हे सांगू नकोस. व्यापाऱ्याने माल कापून नेला, पैसे तीन आठवड्यांनी आले, मधली उधारी कशी लिहून ठेवलीस ते सांग. अकाउंट्सवाल्याच्या कानाला ती लगेच येणेबाकी म्हणून ऐकू येते. तुझी कटाईची वही आहेच. त्यातली एका वर्षाची पानं एक्सेलमध्ये चढव: तारीख, वजन, भाव, रक्कम, जमा, बाकी. एकच पान छापून फाईलमध्ये ठेव. आपणहून पुढे करू नकोस, विषय निघाला तरच काढ.

बायोडेटात तारखा ताणू नकोस. जुनी नोकरी २०२२ पर्यंत होती असं लिहायचा सल्ला कोणीतरी देईलच. पण नव्या कंपनीने यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, घेतला की पीएफची वर्गणी कोणत्या महिन्यापर्यंत आलीय ते समोर दिसतं. उलट आत्ताच पीएफच्या पोर्टलवर जाऊन बघ की जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का. नसेल तर आधार जोडलेलं असलं की आपली आपल्याला भरता येते. नवीन यूएएन मात्र काढू नकोस. दोन झाले की पैसे एकत्र करताना जीव जातो.

आता हात चालतो का ते. तू मार्च २०२० ला टेबलावरून उठलास, आणि त्यानंतर आपल्या कामाचा नकाशाच बदलला.

टॅलीपासून, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरपासून, सुरुवात कर. तुझी जुनी ईआरपी नाईन गेली, नोव्हेंबर २०२० पासून टॅलीप्राइम आहे. शैक्षणिक मोडमध्ये ती फुकट चालते. फक्त व्हाउचरला, म्हणजे एंट्रीला, महिन्याची १, २ आणि ३१ याच तारखा घेते, सरावाला तेवढं पुरे. सेल्सला एफ-८ आणि परचेसला एफ-९ तेच राहिलंय. क्रेडिट नोट (विकलेला माल परत आला की करतो ती) मात्र कंट्रोल एफ-८ वरून ऑल्ट एफ-६ वर गेली, डेबिट नोट (आपण माल परत केला की) ऑल्ट एफ-५ वर. कुठलाही रिपोर्ट शोधायला ऑल्ट-जी. बऱ्याच ठिकाणी मुलाखतीतच संगणकावर बसवून दहा एंट्र्या करायला लावतात. तिथे एंट्री चुकल्याने फारसं बिघडत नाही. पण जुन्या कळा दाबत बोटं अडखळली की सहा वर्षं तिथे दिसतात. रोज तीस व्हाउचर टाक, त्यात पाच क्रेडिट-डेबिट नोटा असू देत. आणि कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा आहे, हे कानावर असू दे. मागच्या तारखेची एंट्री गुपचूप बदलून टाकायचे दिवस गेले.

मग जीएसटी. तुला २-ए माहीत आहे, सप्लायरनी पोर्टलवर चढवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची सतत बदलणारी यादी. आता काम २-बी वर, म्हणजे त्याच बिलांच्या महिन्याला एकदा निघणाऱ्या यादीवर चालतं. ते दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं, आणि १ जानेवारी २०२२ पासून २-बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. "२-बी कसं जुळवता?" हा प्रश्न तुला येणारच, असं समजून चाल. उत्तर क्रमाने दे: खरेदीचं रजिस्टर एक्सेलमध्ये काढायचं, जीएसटी नंबर, बिल नंबर आणि करपात्र रक्कम लावून २-बी शी ताडायचं, आणि चार ढीग करायचे. जुळलेली बिलं. आपल्या पुस्तकात आहेत पण २-बी त नाहीत, म्हणजे सप्लायरने जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण भरलेलं नाही किंवा आपला नंबर चुकवलाय: त्याला फोन, आणि या महिन्यात क्रेडिट नाही. २-बी त आहेत पण पुस्तकात नाहीत, म्हणजे बिल स्टोअरमध्ये अडकलंय किंवा आपल्या नावावर दुसऱ्याचं चढलंय. आणि रक्कम किंवा नंबर वेगळा असलेली, जिथे आपण '४५' लिहितो आणि तो '०४५/२५-२६'. चौथ्या ढिगाबद्दल बोललास की समोरच्याला कळतं, यानं हे हाताने केलंय किंवा मनापासून शिकलंय. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस आलंय: आलेलं बिल स्वीकारा, नाकारा किंवा प्रलंबित ठेवा. काहीच केलं नाही तर स्वीकारलं असं धरतात.

ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, तू सोडल्यावर आलं. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर धंदेवाल्या ग्राहकाच्या बिलाला ते सक्तीचं आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, नाहीतर तो खर्च प्राप्तिकरात पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी वजा मिळतो. एमआयडीसीत निम्मा माल शेजारच्या छोट्या युनिटकडून येतो, त्यामुळे हा नियम तिथे रोजचा आहे. प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा येत्या १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय आणि टीडीएसची जुनी कलमं त्यात बदलली आहेत. पाठ करू नकोस, येतोय एवढं बोलता आलं तरी चालेल.

ही कंपनी ठिबकची आहे, म्हणून एक गोष्ट नीट करून जा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पण ज्या प्लॅस्टिक दाण्यापासून नळी बनते त्याच्यावर १८ टक्केच आहे. म्हणजे एक लाखाच्या दाण्यावर १८,००० भरले, आणि त्यातून दीड लाखाचा संच विकला तरी गोळा झाले ७,५००. उरलेलं क्रेडिट साचत जातं. त्याचा परतावा आरएफडी-०१ हा अर्ज भरून मागता येतो. त्यात कच्च्या मालावरचा कर धरतात, सेवा आणि यंत्रांवरचा धरत नाहीत. त्यांनी विचारलं नाही तरी शेवटी "तुमचे काही प्रश्न?" म्हणतील, तेव्हा तूच विचार: "दर उतरल्यावर क्रेडिट साचत असेल, परताव्याचं काम इथेच होतं की सीएंकडे?" सुट्ट्या किती, हा प्रश्न त्या जागी विचारायचा नसतो.

बाकीचे प्रश्न सोपे आहेत. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की जन्मगाव आणि वडिलांचं नाव सांगायला लागू नकोस, ते कागदावर आहे. किती वर्षं अकाउंट्स, कुठल्या प्रकारचा धंदा, कोणती कामं एकट्याने केली, मग वरची चार वाक्यं. दीड मिनिटात संपव. कमजोरी विचारली तर "मी फार मेहनत करतो" असलं काही नको. "ई-इनव्हॉइस मी सरावाच्या पोर्टलवर केलंय, चालू धंद्यात केलेलं नाही" हे खरं आहे आणि महिन्याभरात भरून निघणारं आहे. जुन्या मालकाबद्दल वाईट बोलू नकोस, तो आणि हे एकाच असोसिएशनच्या बैठकीला बसत असतील. साहेब तुझ्याहून लहान असेल, त्याला "अहो सर" म्हणताना जीभ अडली तर आत्ताच सराव कर.

पगाराचा आकडा आधी तू बोलू नकोस. विचारलाच तर इतक्यापासून इतक्यापर्यंत असा पट्टा सांग, आणि हातात किती येईल ते डोक्यात असू दे. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा महिन्याचा एकूण खर्च, ३०,००० म्हणाले आणि मालकाचा पीएफ त्यातच धरला असेल, तर १५,००० च्या मर्यादेवर दोन्हीकडचे प्रत्येकी १,८०० जातात, व्यवसायकर २००. उरले २६,२००. "मालकाचा हिस्सा यात धरलाय का?" हे विचारण्यात लाज कसली, अकाउंटंट आहेस तू.

उत्तरं पाठ करू नकोस. मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. 'म्हणजे', 'तसं बघितलं तर' किती वेळा येतं ते मोज. मराठीतच बोल, ते हिंदीवर गेले तर हिंदी. इंग्रजी फक्त त्यांनी सुरू केलं तर.

फाईलमध्ये जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगारपावत्या, पदवीची गुणपत्रिका, आणि सगळ्याच्या झेरॉक्सचे दोन संच. २८ ला बुधवार आहे. फैजपूरहून निघताना भुसावळच्या रस्त्यावर ट्रकांची रांग असणार असं समजून चाल, एक गाडी आधीची पकड. स्टँडवरून अजिंठा चौफुलीपर्यंत रिक्षा मिळते.

२४ ला रात्री नऊनंतर फोन लावतो. मी शेठ, तू उमेदवार, आणि मी मध्ये मुद्दाम गप्प बसणार आहे. अप्पांना नमस्कार सांग. बुधवारी काम झालं की सरळ घरी ये, आणि येताना बामणोदची भरताची वांगी आण. पुऱ्यांचं आम्ही बघतो.

तुझा,
संजय