बाविसावी ओळ आणि लघुग्रह

मा. संपादक, स. न. वि. वि.

मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना पहिल्याच दिवशी भलीमोठी साधने का हाती देतात? ब्रिटनमध्ये १९८१ साली आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स८१ या घरगुती संगणकाची स्मृती १ केबी, म्हणजे जेमतेम हजारभर अक्षरांएवढी होती. रंग नाही, आवाज नाही. तरी लघुग्रह चुकवत यान नेण्याचा खेळ त्यात मावतो, तोही बेसिक या सोप्या प्रोग्रामिंग भाषेच्या मोजक्या ओळींत.

पडद्याच्या बाविसाव्या, म्हणजे तळाच्या ओळीत कुठेही एक तारका (*) छापायची, हाच लघुग्रह, आणि ‘स्क्रोल’ ही आज्ञा द्यायची. अख्खा पडदा एक ओळ वर सरकतो. यान वर आपल्याच ओळीत असते, पण वाटते की आपण खाली झेपावतो आहोत! मग यान छापण्याआधी त्याच्या जागी काय आहे, ते ‘पीक’ (PEEK) या आज्ञेने स्मृतीतून वाचायचे. तारका सापडली की खेळ खलास. अडथळ्यांची वेगळी यादी ठेवावीच लागत नाही, पडद्याची स्मृती तेच काम करते. वर्गात शिकवताना मला ही युक्ती नेहमीच फार देखणी वाटली.

या संगणकाचे एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम, आज फुकट मिळतात. आपल्या बालपुरवणीत असा एखादा प्रोग्राम ओळीन् ओळ छापावा. मुले तो स्वतः टाइप करतील.

— एक निवृत्त संगणक शिक्षिका