चौथी भट्टी

अटलांटा,
रविवार रात्र

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू म्हणालास, "मोर्चे काढून पोट भरत नाही, आधी पोरांच्या हाताला काम शिकवा," आणि फोन ठेवलास. माझ्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तुला आयटीआयला पोचायची घाई होती. उत्तर तेव्हा सुचलं नाही, आता सुचतंय. लांबण लागेल, सवडीनं वाच.

तुझं हे वाक्य एका माणसानं इथे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, सव्वाशे वर्षांपूर्वी भर सभेत म्हटलं होतं. पीडमॉण्ट पार्क म्हणून मोठी बाग आहे, आम्ही रविवारी पोरांना घेऊन जातो. तळं आहे, लोक कुत्री फिरवत असतात. १८९५ साली तिथे दक्षिणेतल्या कापूस पिकवणाऱ्या राज्यांचं प्रदर्शन भरलं होतं. १८ सप्टेंबरला त्या व्यासपीठावर बुकर टी. वॉशिंग्टन उभा राहिला. जन्मानं गुलाम, आणि आता अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या, काळ्या मुलांच्या शाळेचा प्रमुख. तोच, ज्यानं पुढल्या वर्षी आपल्या कार्व्हरला बोलावून घेतलं. समोर गोरे आणि काळे वेगवेगळे बसलेले. त्यानं सांगितलं की आमची माणसं आहेत तिथेच बादली टाकतील, म्हणजे दक्षिणेतच राहून शेती आणि कारागिरी करून वर येतील. सामाजिक व्यवहारात आपण हाताच्या बोटांसारखे वेगळे राहू, प्रगतीच्या कामात मात्र एका हातासारखे एक. गोरे श्रोते वेडे झाले. माजी गव्हर्नर धावत येऊन त्याचा हात हातात घेऊन उभा.

गंमत म्हणजे अभिनंदन करणाऱ्यांत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइसही होता. सत्तावीस वर्षांचा, त्याच वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा पहिला काळा माणूस. भाषण ऐन वेळेला नेमकं झालं, असं त्यानं कळवलं. आठ वर्षांनी त्यानंच त्या भाषणाला 'अटलांटाचा समझोता' म्हणून हिणवलं. मधल्या आठ वर्षांत काय झालं ते सांगण्याआधी तुझ्या माणसाबद्दल, म्हणजे वॉशिंग्टनबद्दल, थोडं सांगतो, कारण तो तुला फार आवडेल.

सोळा वर्षांचा असताना तो बराचसा पायी, पाचेकशे मैलांवरून, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेत पोचला. अवतार असा की शाळेनं लगेच घेतलंच नाही. शेवटी मुख्य बाईंनी एक खोली झाडायला सांगितली. पठ्ठ्यानं ती तीनदा झाडली आणि चारदा पुसली. बाईंनी हातरुमाल काढून भिंतीच्या लाकडावर, टेबलावर, बाकांवर घासला. रुमालाला कणभर धूळ लागली नाही, आणि प्रवेश झाला. मला तुझा वर्ग आठवला. पहिल्या सहामाहीत पोरगं महिनाभर कानस मारून एक ठोकळा चौरस करतं, तू गुण्या लावून खिडकीकडे धरतोस, फटीतून उजेड दिसला की म्हणतोस, "पुन्हा."

गेल्या महिन्यात टस्कीगीला गेलो होतो, इथून गाडीनं दोनेक तास. त्याचं घर अजून आहे, पोरांनी भाजलेल्या विटांचं. सुरुवातीला तिथे कुणालाच विटा करता येत नव्हत्या. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरी तर अगदी शेवटी कोसळली. हातात एक डॉलर उरला नव्हता. वॉशिंग्टननं मॉन्टगोमरीला जाऊन आपलं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र कधी सुटलं नाही. पुढे आसपासचे गोरे लोक विटा न्यायला यायला लागले. भिंतीवरून हात फिरवताना मला पहिल्यांदा वाटलं की सुधीर बरोबर असेल.

आता ती आठ वर्षं. १८९६ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळे पण समान' ला शिक्का दिला, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं कायदेशीर ठरलं. डू बॉइस १८९७ मध्ये इथल्या अटलांटा विद्यापीठात शिकवायला आला. त्याचा भाबडा समज असा, की आकडे आणि पुरावे नीट मांडले की लोक सुधारतात. १८९९ च्या एप्रिलमध्ये इथून जवळच न्यूननला सॅम होज नावाच्या शेतमजुराला जमावानं हालहाल करून जिवंत जाळलं. बघायला अटलांटाहून खास आगगाड्या सुटल्या. डू बॉइसनं खरं काय घडलं त्याचं टिपण लिहिलं आणि ते द्यायला वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाला. वाटेत कुणीतरी सांगितलं की पुढे मिचेल स्ट्रीटवरच्या वाणसामानाच्या दुकानात होजच्या बोटांची पेरं मांडून ठेवली आहेत. तो तिथून मागे फिरला. माणसं अशी मारली जात असताना थंडपणे अभ्यास करत बसता येणार नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं असं त्यानं नंतर लिहिलं. महिन्याभरात त्याचं दीड वर्षाचं पोर घटसर्पानं गेलं. जॉर्जियाच्या मातीत पुरायचं नाही म्हणून त्यानं ते उत्तरेला, आपल्या गावी नेलं.

मिचेल स्ट्रीट माझ्या नेहमीच्या वाटेवर आहे, सुधीर. हे वाचल्यापासून तिथे सिग्नलला थांबलो की मला उगाच डाव्या-उजव्या दुकानांकडे बघवत नाही.

म्हणून १९०३ मध्ये डू बॉइसनं लिहिलं, की वॉशिंग्टन आपल्याला तीन गोष्टी सोडायला सांगतोय: राजकीय ताकद, नागरी हक्कांचा आग्रह आणि उच्च शिक्षण. आणि त्या सोडून मिळालं काय? मतं गेली. अलाबामात, म्हणजे टस्कीगीच्याच राज्यात, १९०१ च्या राज्यघटनेनंतर मतदानाच्या वयाच्या सुमारे १,८०,००० काळ्या पुरुषांपैकी जेमतेम ३,००० जणांची नावं यादीत राहिली. भट्टी कितीही साधली तरी वीट विकणाऱ्याला त्या राज्यात मत नव्हतं.

इथवर तुला वाटेल मी डू बॉइसचा वकील झालो. पण खरी गोष्ट पुढेच आहे, तिच्यासाठीच हे पत्र. मॉन्टगोमरीच्या जॅक्सन जाइल्स नावाच्या काळ्या माणसानं आपलं नाव यादीत घ्या म्हणून दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०३ मध्ये हरला. जाइल्सच्या न्यू यॉर्कच्या वकिलाचे पैसे गुपचूप देणारा कोण? बुकर टी. वॉशिंग्टन. त्याचा सचिव आणि वकील एकमेकांना खोट्या नावांनी पत्रं लिहीत. म्हणजे चारचौघांत "आधी काम शिका" सांगणाऱ्याला स्वतःला ते पुरेसं वाटत नव्हतं. त्यानं आपल्याच भाषणाविरुद्ध आपल्याच खिशातून पैसे घातले.

हे कळल्यावर मला त्याचा आदर वाटला, आणि रागही आला. उघड बोलला असता तर टस्कीगीच्या देणग्या आटल्या असत्या, कदाचित शाळाच जाळली असती. अलाबामात राहून बोलणं आणि डू बॉइससारखं उत्तरेत, मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मून बोलणं यात फरक आहे, हे मान्य. पण लपवायची एकदा सवय लागली की ती एकाच बाजूला राहत नाही. १९०५ मध्ये डू बॉइसनं काळ्यांच्या हक्कांसाठी नायगारा चळवळ सुरू केली, तेव्हा तिच्यात हेर सोडणाराही वॉशिंग्टनच. काळ्यांच्या वर्तमानपत्रांना आतून पैसे पोचवून तिच्या बातम्या दाबणारा तोच. हे मी त्याला माफ करू शकत नाही.

तुला फावेल अशी एक गोष्ट इमानदारीनं सांगून टाकतो. वॉशिंग्टन १९१५ मध्ये वारला. १९३४ मध्ये डू बॉइसनं, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी जी एनएएसीपी ही संघटना उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता, तीच सोडली. त्याचं म्हणणं, भेदभाव लवकर जाणार नाही, तोवर काळ्यांनी आपल्या शाळा, आपल्या सहकारी संस्था बळकट कराव्यात. जुन्या सहकाऱ्यांना वाटलं, म्हातारा टस्कीगीला गेला.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच डू बॉइसला पत्र लिहिलं होतं, माहीत आहे? तुमचं लिखाण मी वाचत आलोय, अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की तुमचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे, असं. संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइसचं उत्तरही आलं. बाबासाहेबांनी वसतिगृहं आणि कॉलेजंही काढली आणि मताचा हक्कही सोडला नाही. तुझ्या-माझ्या भांडणात मी त्यांचंच उदाहरण घ्यायला हवं होतं, फोनवर आठवलं नाही.

बाकी ठीक. डिसेंबरात तीन आठवडे येतोय. तुझ्या वर्गात एक दिवस बसू दे, कानस धरायला मलाही शिकव. टस्कीगीच्या भिंतीचा फोटो सोबत पाठवतोय. खालून तिसऱ्या ओळीतली कोपरा उडालेली वीट बघ आणि भाजणी कशी वाटते ते कळव, तुला त्यातलं कळतं.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनय