आठची आठ जीबी रॅम दाखवून देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहून मोकळा होतोय.

गिरगावातल्या माझ्या डीटीपीच्या खोलीत तुम्ही आलात ते बाबांच्या पंच्याहत्तरीच्या पुस्तिकेचं प्रूफ बघायला, आणि फोटोशॉपमधे फोटो उघडताना मशीन असं काही अडकलं की तुम्हीच विचारलंत, रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, किती आहे याच्यात? मी म्हटलं आठ जीबी, चार-चारच्या दोन स्टिक, लॅमिंग्टन रोडवरून आणल्यात. तुम्ही सेटिंग्जमधे जाऊन अबाउट उघडलंत तर तिथे इन्स्टॉल्ड रॅम ८ जीबी आणि पुढे कंसात ३.२५ जीबी युझेबल, म्हणजे वापरता येण्याजोगी एवढीच. आता ही ओळ एका रिपेअरवाल्यानेही बघितली होती बरं का, तो आधी म्हणाला स्टिक खराब आहे, मग म्हणाला मदरबोर्डच बदलू, कोटेशन पण हातात ठेवलं. तुम्ही त्याच पानावर जरा खाली बोट ठेवलंत: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. म्हणजे प्रोसेसर ६४ चा आणि विंडोज १० मात्र ३२ चं, कारण मूळच्या ३२-बिट विंडोज ७ वर अपग्रेड मारलेलं, आणि अपग्रेड करून ३२ चं ६४ होत नाही.

मग तुम्ही जे समजावलंत ते मी आता गिऱ्हाइकांनाही ऐकवतो. मुंबईत सात आकडी फोन नंबर पुरेनात तेव्हा पुढे २ लावून आठ आकडी केले ना, तसंच हे, रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो आणि बत्तीस बिटांत पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६ म्हणजे चार जीबीपुरतेच, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स, नेटवर्क वगैरे कार्डांसाठी राखून ठेवलेले, म्हणून चार पण पूर्ण नाही, सव्वातीनच्या आसपास. भाचा मधेच बोलला की लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ३२-बिटवर जास्त रॅम दिसते, तर तुम्ही त्याला झटकलं नाहीत, हो म्हणालात, पीएई म्हणून सोय आहे, ३६ बिटांचे पत्ते, ६४ जीबीपर्यंत जाते, पण विंडोजच्या ३२-बिट डेस्कटॉप आवृत्त्या मायक्रोसॉफ्टने चारवरच अडवल्यात कारण कित्येक ड्रायव्हर, म्हणजे कार्डं-प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्राम, त्याच्यावरच्या पत्त्यांवर गडबडायचे. त्या रिपेअरवाल्याने यातलं एक अक्षर सांगितलं असतं तरी मी चहा पाजला असता त्याला.

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या खिडकीत, बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधे रॅमला मर्यादा घालणाऱ्या मॅक्सिमम मेमरीवर टिक नाही ना तेही बघून घेतलंत. नव्हती.

पण मला खरे आभार मानायचेत ते त्याच्या पुढच्यासाठी. दुसरा कोणी असता तर पेनड्राइव्ह लावून लगेच फॉरमॅट मारून मोकळा झाला असता. तुम्ही आधी विचारत बसलात, प्रिंटर कुठला, त्याचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, जुन्या मराठी फॉन्टचं फोल्डर कुठे ठेवलंय, १६-बिटचं एखादं जुनं सॉफ्टवेअर वापरता का, कारण ते ६४-बिट विंडोजवर चालणारच नाही. लग्नपत्रिकांच्या सगळ्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी होऊन त्यातल्या चार-पाच उघडून बघितल्याशिवाय तुम्ही इन्स्टॉलला हातच लावला नाहीत. आणि लायसन्स तेच चाललं, एडिशन तीच ठेवली म्हणून, नवीन की विकत घ्यावी लागली नाही, हे मला माहीतच नव्हतं.

६४-बिट चढलं आणि परत तेच, आठमधले साडेतीनच्या आत! मी डोक्याला हात लावला, तुम्ही हसलात आणि बायोसमधे, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमधे शिरलात. चिपसेट, नॉर्थब्रिज असं करत मेमरी रिमॅप फीचर, म्हणजे कार्डांच्या राखीव पत्त्यांमागे झाकलेली रॅम चार जीबीच्या वरच्या पत्त्यांवर नेणारी सोय, डिसेबल्ड. ते एनेबल केलं, सेव्ह करून रीस्टार्ट, आणि ७.९ जीबी युझेबल. उरलेली थोडी ऑनबोर्ड ग्राफिक्स घेतं, ती परत मागायची नाही म्हणालात.

आणखी एक, तुम्ही उगाच हवेत नेलं नाहीत. पानं लावायचा पेजमेकर ३२-बिटच आहे, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, एकट्या त्याला या रॅमचा फारसा फायदा नाही, फायदा होईल तो फोटोशॉप आणि कोरल एकदम उघडं ठेवाल तेव्हा, असं स्पष्ट सांगितलंत. तसंच झालंय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ तर ३२-बिटमधे येतच नाही, तेव्हा पुढचं मशीन घेताना तुम्हालाच विचारणार आहे, तयारी ठेवा.

पैसे घेतले नाहीत ते नाहीत, वर पुस्तिकेचं बिल पूर्ण दिलंत, हे मला पटलेलं नाही. कव्हरचं लॅमिनेशन माझ्याकडून, वाद घालू नका. दुसरं प्रूफ काढून ठेवलंय, आणि बाबांचा तो शाळेतला ग्रुप फोटो व्हॉट्सॲपवरचा नको, स्कॅन करून मेल करा, आता कितीही मोठा चालेल.